गोंगाटाच्या ठिकाणी बिनतारी हेडसेटचा वापर

बांधकाम, रस्तेदुरुस्ती, खाणकाम, शेती, बंदरे, वाहतूक नियमन यांसारख्या उघड्यावरील आणि मोठ्या आवाजाच्या कामांत हात मोकळे ठेवून दूरध्वनीवर बोलण्यासाठी बिनतारी स्टिरिओ हेडसेट वापरला जातो. या साधनात दोन्ही कानांसाठी ध्वनिक्षेपक, बोलणाऱ्याचा आवाज टिपणारा एक किंवा अधिक मायक्रोफोन, पुनर्भारित होणारी बॅटरी आणि मोबाइल फोनशी जोडणारा लघुपल्ल्याचा रेडिओ संच एकत्र असतो. ही रेडिओ जोडणी बहुधा ब्लूटूथ या तंत्रमानकानुसार केलेली असते.

घरात किंवा कार्यालयात उत्तम चालणारा हेडसेट कामाच्या ठिकाणी निरुपयोगी ठरल्याचा अनुभव अनेकदा येतो. गोंगाटात तीन वेगवेगळ्या गरजा एकाच वेळी भागवाव्या लागतात, हे त्याचे मुख्य कारण आहे. पलीकडच्या व्यक्तीचे बोलणे ऐकू आले पाहिजे, आपले बोलणे तिला ऐकू गेले पाहिजे, आणि भोवतालच्या धोक्याची चाहूलही लागली पाहिजे. आवाज वाढवणे हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय यांपैकी केवळ पहिली गरज भागवतो, आणि तीही श्रवणशक्तीची किंमत मोजून. म्हणून कानापर्यंत पोहोचणारा गोंगाट कमी करणे आणि मायक्रोफोन तोंडाजवळ आणणे, ही दोन तत्त्वे अशा हेडसेटच्या निवडीत व वापरात मूलभूत मानली जातात.

इतिहास

टेलिफोन केंद्रांतील चालकांना दोन्ही हातांनी जोडण्या कराव्या लागत असल्याने डोक्यावर किंवा खांद्यावर बसवायची श्राव्यसाधने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरात आली होती. १९१० मध्ये अमेरिकेतील नॅथॅनियल बाल्डविन यांनी तयार केलेले दोन कानांचे हेडफोन अमेरिकी नौदलाने स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक आणि रणगाड्यांतील सैनिक यांच्यासाठी गळ्याला चिकटून कंपने टिपणारे कंठ-मायक्रोफोन वापरले गेले. इंजिनच्या प्रचंड आवाजात तोंडासमोरचा मायक्रोफोन निष्प्रभ ठरत असल्यामुळे हा मार्ग शोधण्यात आला होता. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले.

ध्वनीने ध्वनी शमवण्याची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पाउल ल्यूग यांनी मांडली आणि १९३६ मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. ही कल्पना हेडसेटमध्ये व्यवहार्य होण्यास मात्र अर्धशतक लागले. भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी सक्रिय गोंगाटशमन करणारा हेडसेट विक्रीस आणला.

ब्लूटूथचा विकास १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन या कंपनीत सुरू झाला. डच अभियंते याप हार्टसेन यांचा त्यात प्रमुख वाटा होता. दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड ब्लाटांड याच्या नावावरून या तंत्राचे नाव ठेवण्यात आले. १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून या मानकासाठी स्वतंत्र संघ स्थापन केला. आरंभीचे ब्लूटूथ हेडसेट एका कानाचे आणि केवळ संभाषणासाठी होते. २००३ मध्ये स्टिरिओ संगीतासाठी वेगळी कार्यपद्धती निश्चित झाल्यानंतर दोन्ही कानांचे बिनतारी हेडसेट प्रचारात आले. २०१५ नंतर दोन्ही कानांतील भाग परस्परांपासूनही तारेविना वेगळे असलेले इअरबड बाजारात आले.

अडचणीचे स्वरूप

ध्वनीची पातळी डेसिबल या एककात मोजतात. ही मोजपट्टी लॉगॅरिदमवर आधारलेली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० डेसिबलने वाढली की ती दहापट होते. शांत खोलीतील सामान्य संभाषण एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल असते. वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला साधारणतः ७५ ते ८५ डेसिबल, कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास, तर काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरजवळ १०० डेसिबल किंवा त्याहून अधिक पातळी आढळते.

बोलणे समजेल की नाही, हे केवळ आवाजाच्या पातळीवर ठरत नाही. बोलण्याची पातळी आणि गोंगाटाची पातळी यांतील फरक महत्त्वाचा असतो. अभियांत्रिकीत त्याला संकेत-गोंगाट गुणोत्तर म्हणतात. बोलणे गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबलने वरचढ असेल तर ते फारसा ताण न पडता समजते. दोन्ही पातळ्या समान असतील तर ओळखीची वाक्ये अंदाजाने कळतात, पण अनोळखी नावे आणि आकडे निसटतात. याहून फरक घटल्यास संभाषण अशक्य होते.

गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. फ्रेंच कर्णतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिक्रियेचा अभ्यास केला, म्हणून तिला ‘लोंबार परिणाम’ असे नाव पडले. मोठ्याने बोलल्यामुळे पातळी वाढते, परंतु ओरडण्यात स्वर लांबतात व व्यंजने तुलनेने क्षीण होतात. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे ओरडण्याचा उपयोग होत नाही. मायक्रोफोन क्षमतेपेक्षा जास्त आवाजाने विकृत संकेत देऊ लागल्यास बोलणे उलट अधिक अस्पष्ट होते.

बोलण्याची बाजू : मायक्रोफोन

मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. यावरून मायक्रोफोनच्या जागेचे महत्त्व स्पष्ट होते. एक मीटरवर ६० डेसिबल असणारा आवाज ओठांपासून अडीच सेंटिमीटर अंतरावर ढोबळ गणिताने ९० डेसिबलच्या आसपास भरतो. कानातील इअरबडचा मायक्रोफोन तोंडापासून सुमारे बारा-तेरा सेंटिमीटर दूर असतो. तेथे हाच आवाज सुमारे ७८ डेसिबल राहतो. भोवतालचा गोंगाट मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच असतो. गोंगाट ८५ डेसिबल असेल तर तोंडाजवळच्या मायक्रोफोनला बोलणे काही डेसिबलने वरचढ मिळते, तर कानाजवळच्या मायक्रोफोनला ते गोंगाटाखाली दबलेले मिळते. हा सुमारे १४ डेसिबलचा फरक केवळ अंतरामुळे पडतो. याच कारणाने विमानचालन, बंदरे, क्रीडास्पर्धांचे समालोचन अशा क्षेत्रांत तोंडासमोर येणाऱ्या दांडीचा हेडसेट आजही टिकून आहे.

दांडीचा मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवतात. समोर ठेवल्यास श्वासाचा झोत आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांसारख्या ओष्ठ्य वर्णांच्या उच्चारातील हवा थेट त्यावर आदळते.

गोंगाट वेगळा काढण्यासाठी पुढील तंत्रे वापरली जातात :

* गोंगाटरोधी मायक्रोफोन – यात पडद्याच्या दोन्ही बाजूंनी ध्वनी आत येऊ दिला जातो. दूरवरचा ध्वनी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा येऊन बराचसा रद्द होतो. तोंडाचा जवळचा आवाज एका बाजूने अधिक येत असल्याने टिकतो. मायक्रोफोन तोंडापासून सरकल्यास हा लाभ नाहीसा होतो.
* एकाधिक मायक्रोफोनची जुळणी – दोन किंवा अधिक मायक्रोफोनपर्यंत ध्वनी पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून तोंडाच्या दिशेचा आवाज उचलला जातो व इतर दिशांचा दाबला जातो.
* संगणकीय गोंगाटशमन – सतत सारख्या राहणाऱ्या आवाजाचे स्वरूप ओळखून ते संकेतातून वजा केले जाते. नव्या उपकरणांत यासाठी कृत्रिम चेतासंस्थांवर आधारित आज्ञावली वापरतात. गोंगाट बोलण्याहून फार मोठा असल्यास गोंगाटाबरोबर शब्दांचे अंशही कापले जातात आणि आवाज तुटक येतो.
* हाडांतून व कंठातून कंपने टिपणारे संवेदक – हे हवेतील ध्वनीऐवजी कवटी, जबडा किंवा गळा यांची कंपने टिपतात. त्यांना बाहेरचा गोंगाट फारसा बाधत नाही, पण वरच्या वारंवारता क्षीण झाल्यामुळे आवाज घोगरा येतो.

वारा ही उघड्यावरील कामातील स्वतंत्र अडचण आहे. मायक्रोफोनच्या छिद्रापाशी हवेचे भोवरे निर्माण होऊन खालच्या वारंवारतेचा मोठा खरखराट उमटतो. तो भोवतालच्या माणसांना ऐकूही येत नाही, पण पलीकडच्या व्यक्तीला मात्र बोलण्याच्या जागी तोच ऐकू येतो. हा संकेत इतका मोठा असू शकतो की मायक्रोफोनच पूर्णपणे भारावून जातो, आणि मग कोणतीही आज्ञावली हरवलेले शब्द परत मिळवू शकत नाही. त्यामुळे स्पंजचे किंवा केसाळ कापडाचे आवरण, तसेच मायक्रोफोन वाऱ्याच्या आडोशाला येईल अशा रीतीने तोंड वळवणे, हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात.

ऐकण्याची बाजू

दूरध्वनीवरील संभाषण एकाच मार्गाने, म्हणजे मोनो स्वरूपात येते. स्टिरिओ हेडसेटमध्येही ते दोन्ही कानांत एकसारखेच ऐकू येते. तरीही दोन कानांच्या हेडसेटचा लाभ होतो. एकच बोलणे दोन्ही कानांनी ऐकल्यास ते थोडे अधिक मोठे व स्पष्ट जाणवते, आणि दुसऱ्या उघड्या कानातून शिरणारा गोंगाटही थांबतो. फोन एका कानाला लावून दुसऱ्या कानावर हात ठेवण्याच्या सवयीमागे हेच कारण आहे.

कानापर्यंत पोहोचणारा गोंगाट दोन प्रकारे कमी करता येतो.

निष्क्रिय अटकाव : कानात घट्ट बसणारे फोमचे किंवा रबराचे बोळे, अथवा संपूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या ध्वनी अडवतात. मध्यम व वरच्या वारंवारतांवर हा अटकाव चांगला असतो. तो पूर्णपणे घट्ट बसण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी, केस, हेल्मेटचा पट्टा किंवा चुकीच्या मापाचे टोक यांमुळे फट राहिल्यास त्याचा बराचसा परिणाम नाहीसा होतो. प्रयोगशाळेत मोजलेले आकडे प्रत्यक्ष कामात क्वचितच मिळतात, ते याच कारणामुळे.

सक्रिय गोंगाटशमन : हेडसेटमधील मायक्रोफोन बाहेरचा ध्वनी टिपतात आणि त्याच्या विरुद्ध कलेतील ध्वनी कानात सोडला जातो. दोन्ही मिळून परस्परांना बऱ्याच अंशी रद्द करतात. हे तंत्र सुमारे १,००० हर्ट्झच्या खालील, संथपणे बदलणाऱ्या आवाजावर, उदाहरणार्थ इंजिन, जनित्र किंवा पंखा यांच्या घरघरीवर, सर्वाधिक प्रभावी ठरते. हातोड्याचे ठोके, भोंगे व माणसांचे आवाज यांवर त्याचा परिणाम कमी असतो. वाऱ्यात बाहेरचे मायक्रोफोन खरखराटच टिपून तो कानात सोडू शकतात. अशा वेळी ही सोय बंद ठेवणे योग्य ठरते.

सक्रिय गोंगाटशमन आणि मायक्रोफोनचे गोंगाटशमन यांची गल्लत नेहमी होते. पहिले केवळ हेडसेट घालणाऱ्याच्या कानांसाठी असते. पलीकडच्या व्यक्तीला ऐकू जाणाऱ्या आवाजावर त्याचा थेट परिणाम होत नाही. म्हणून संगीतासाठी नावाजलेला हेडसेट संभाषणासाठीही चांगला असेलच, असे नाही.

अस्थिवहनाचे हेडसेट कानाची वाट मोकळी ठेवून गालाच्या हाडातून कंपने थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचवतात. भोवतालचे भान राखण्यासाठी ते उपयुक्त असले, तरी उघड्या कानांत गोंगाट शिरतच राहतो. मोठ्या गोंगाटात त्यांसोबत कानांत बोळे घालावे लागतात. अशा स्थितीतही हाडातून येणारे बोलणे ऐकू येते.

दोन्ही कान बंद असल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. काही हेडसेट वापरणाऱ्याचा आवाज किंचित प्रमाणात त्याच्याच कानांत परत सोडतात. त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलत आहोत याचा अंदाज राहतो आणि विनाकारण ओरडणे टळते.

ब्लूटूथ जोडणी

ब्लूटूथ २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ या वारंवारता पट्ट्यात चालते. पारंपरिक ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे ७९ मार्ग केलेले असून जोडणी सेकंदाला १,६०० वेळा मार्ग बदलते. त्यामुळे एखाद्या मार्गावर अडथळा आला तरी जोडणी सहसा तुटत नाही.

संगीत ऐकताना आणि बोलताना हेडसेट वेगवेगळ्या कार्यपद्धती वापरतो. संगीत एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे जाते आणि त्याला भरपूर वहनक्षमता मिळते. फोन येताच जोडणी दुहेरी संभाषणाच्या पद्धतीवर जाते. या पद्धतीच्या जुन्या प्रकारात ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पोहोचतो. २०११ मध्ये आलेल्या सुधारणेनंतर १६,००० नमुन्यांची सोय झाली व मर्यादा सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत गेली. संगीताच्या मध्येच फोन आल्यावर आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा वाटतो, तो या बदलामुळे. हेडसेट बिघडल्याचे ते लक्षण नाही.

‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची बरीचशी ऊर्जा ३,४०० हर्ट्झच्या वर असते. अरुंद पट्ट्याच्या जोडणीत ही व्यंजने आधीच पुसट झालेली असतात आणि गोंगाट उरलेला भागही झाकतो. विस्तृत पट्ट्याचा लाभ मिळण्यासाठी हेडसेट, दोन्हीकडचे फोन आणि दूरसंचार सेवा यांपैकी प्रत्येकाने त्यास साथ द्यावी लागते. साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्यावर आवाजाचा दर्जा ठरतो. २०२० मध्ये घोषित झालेल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथ ध्वनिमानकात एलसी-३ ही नवी संकेतनपद्धती असून तिच्यात कमी वहनक्षमतेतही चांगला आवाज मिळू शकतो.

नेहमीच्या हेडसेटचा पल्ला सुमारे १० मीटर सांगितला जातो. प्रत्यक्षात एक मीटर अंतरावरही आवाज तुटल्याच्या तक्रारी उघड्यावर अधिक येतात. या वारंवारतेच्या लहरी शरीरातील पाण्यात शोषल्या जातात. खोलीत भिंती व छत यांवरून परावर्तित झालेल्या लहरी शरीराला वळसा घालून हेडसेटपर्यंत पोहोचतात. मोकळ्या मैदानात परावर्तन करणारे पृष्ठभाग नसल्याने फोन मागच्या खिशात आणि हेडसेटचा मुख्य रेडिओ संच विरुद्ध बाजूच्या कानात असेल, तर मध्ये येणारे शरीरच मोठा अडथळा ठरते. फोन छातीच्या खिशात किंवा मुख्य संचाच्याच बाजूला ठेवल्यास ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते.

श्रवणशक्तीचे रक्षण

अंतर्कर्णातील केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे चेतासंकेतांत रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने नष्ट झालेल्या केशपेशी माणसाच्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. गोंगाटजन्य बहिरेपणाचा आरंभ बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतांपासून होतो. आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, अशी तक्रार आधी सुरू होते. कानात सतत गुणगुण ऐकू येणे हेही एक लक्षण आहे. हानी हळूहळू आणि वेदनेविना होत असल्याने ती उशिरा लक्षात येते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने दिवसातील आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो.

* ८५ डेसिबल – ८ तास
* ८८ डेसिबल – ४ तास
* ९१ डेसिबल – २ तास
* ९४ डेसिबल – १ तास
* ९७ डेसिबल – ३० मिनिटे
* १०० डेसिबल – १५ मिनिटे

जागतिक आरोग्य संघटनेने वैयक्तिक श्राव्यसाधनांसाठी प्रौढांकरिता आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आधारभूत मानली आहे.

हेडसेटच्या संदर्भात या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणावरून कळतो. भोवताली ९० डेसिबलचा गोंगाट आहे आणि कानात सैल बसणारा, गोंगाट न अडवणारा इअरबड आहे, असे मानू. बोलणे स्पष्ट कळण्यासाठी ते कानाशी सुमारे १०० डेसिबलपर्यंत वाढवावे लागेल, म्हणजे दिवसभराची मर्यादा पंधरा मिनिटांच्या संभाषणात संपेल. कान नीट बंद होऊन गोंगाट २० डेसिबलने घटला तर कानाशी ७० डेसिबलच गोंगाट उरतो आणि बोलणे ८० ते ८५ डेसिबलवर तितकेच स्पष्ट कळते. दोन्ही प्रसंगी गोंगाट व बोलणे यांतील फरक किमान १० डेसिबल असूनही कानावर पडणाऱ्या ऊर्जेत मोठे अंतर पडते.

सामान्य ग्राहकांसाठीचे इअरबड आणि हेडफोन हे प्रमाणित श्रवणरक्षक साधन नसतात. नियोक्त्याने ज्या ठिकाणी श्रवणरक्षण बंधनकारक केले आहे, तेथे त्यांचा वापर इअरमफऐवजी करता येत नाही. अशा जागांसाठी प्रमाणित इअरमफमध्येच ब्लूटूथ व मायक्रोफोन बसवलेले हेडसेट मिळतात. त्यांतील काही प्रकार भोवतालचे हळू आवाज आत येऊ देतात आणि ठराविक पातळीवरील आवाज रोखतात.

भोवतालचे भान

उघड्यावरील कामात मागे येणाऱ्या डंपरचा इशारा, क्रेनखालील सहकाऱ्याची हाक, रेल्वेची शिटी किंवा दगड घसरण्याचा आवाज जिवाशी निगडित असतो. कान बंद करणारा हेडसेट हे आवाजही क्षीण करतो. ध्वनीची दिशा मेंदू दोन्ही कानांत पोहोचलेल्या आवाजाच्या वेळेतील व पातळीतील फरकावरून ठरवतो. त्यामुळे एकच इअरबड घालून दुसरा कान मोकळा ठेवल्यास आवाज ऐकू आला, तरी तो कोठून येत आहे हे नेमके कळत नाही. एका कानाचा वापर तुलनेने बरा असला, तरी तो पूर्णपणे सुरक्षित समजता येत नाही.

कान मोकळे असले तरी संभाषणात लक्ष गुंतते. गुंतागुंतीच्या बोलण्यात मग्न असलेली व्यक्ती डोळ्यांसमोरील हालचालही चुकवू शकते. म्हणून चालत्या यंत्रांच्या परिसरात, उंचीवर, रेल्वेमार्गालगत किंवा वाहन चालवताना फोन न घेणे आणि सुरक्षित जागी थांबून बोलणे, हीच पद्धत योग्य मानली जाते. क्रेनचालक व खालचा इशारेदार यांच्यातील संपर्कासाठी ठरावीक हस्तसंकेत किंवा त्या कामापुरता राखीव रेडिओ वापरतात. मध्येच दुसरा फोन येऊ शकणारी मोबाइल जोडणी अशा कामासाठी भरवशाची नसते.

हवामान, धूळ आणि ज्वालाग्राही वातावरण

धूळ व पाणी यांपासूनचे संरक्षण आयपी या सांकेतिक अंकांनी दर्शवतात. पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. ‘आयपी ५४’ म्हणजे धुळीपासून मर्यादित संरक्षण आणि सर्व दिशांच्या शिंतोड्यांपासून बचाव. ‘आयपी ६७’ म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडूनही टिकण्याची क्षमता. पहिल्या अंकाच्या जागी एक्स हे अक्षर असल्यास धुळीसाठी मानांकन दिलेले नाही असे समजावे. खडी क्रशर किंवा मळणी यंत्राजवळ काम करणाऱ्यांसाठी हा अंक महत्त्वाचा ठरतो. मायक्रोफोनच्या छिद्रात धूळ, घाम किंवा कानातील मळ साचल्यास आवाज हळूहळू मंदावत जातो.

लिथियम-आयन बॅटरी सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच भारित करावी लागते. उन्हात उभ्या केलेल्या वाहनातील तापमान याहून बरेच वाढू शकते. दिवसभर कानात राहणाऱ्या घामट टोकांमुळे कानाच्या वाटेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून टोके स्वच्छ व कोरडी ठेवणे आणि एकच जोडी अनेकांनी न वापरणे इष्ट असते.

पेट्रोलियम साठवण, शुद्धीकरण कारखाने अशा ज्वालाग्राही वायूंच्या जागी साधे हेडसेट वापरत नाहीत. तेथे ठिणगी पडू नये अशा रचनेची प्रमाणित उपकरणेच चालतात. भारतात अशा विद्युत उपकरणांना मान्यता देण्याचे काम पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

बोलण्याची शिस्त

तंत्रज्ञानाच्या मर्यादा बोलण्याच्या पद्धतीने काही अंशी भरून काढता येतात. मराठीतील दोन अंकी संख्या गोंगाटात विशेष फसव्या ठरतात. ‘एकसष्ट’, ‘बासष्ट’, ‘त्रेसष्ट’, ‘सदुसष्ट’, ‘अडुसष्ट’ या शब्दांचा शेवट सारखा असून अर्थ केवळ आरंभीच्या अक्षरांवर ठरतो. ‘त्रेपन्न’ आणि ‘त्रेसष्ट’ यांत आरंभ सारखा व शेवट वेगळा असतो. एखादे अक्षर बुडाले तरी संख्या बदलते. त्यामुळे मापे, वाहनांचे क्रमांक आणि रकमा सांगताना ‘सहा-सात’ असे सुटे अंक उच्चारणे अधिक सुरक्षित असते. विमानचालन व सैन्य या क्षेत्रांत अक्षरांसाठी ठरावीक शब्द वापरण्याची प्रथा याच गरजेतून निर्माण झाली.

ऐकलेला संदेश ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवणे, वाक्ये लहान ठेवणे, महत्त्वाचा शब्द वाक्याच्या आरंभी न घेणे आणि ओरडण्याऐवजी सावकाश, स्पष्ट बोलणे या सवयीही उपयोगी पडतात. नकारार्थी सूचना एकाच शब्दावर अवलंबून ठेवणे धोक्याचे असते. ‘सुरू करू नका’ यातील ‘नका’ गोंगाटात हरवले तर अर्थ उलटा होतो. त्याऐवजी ‘थांबा’ हा स्वतंत्र शब्द वापरणे हितावह ठरते. मोजमापे, पत्ते व रकमा बोलून झाल्यावर लिखित संदेशाने कळवल्यास चूक लगेच लक्षात येते.

भारतातील कायदेशीर तरतुदी

भारतात २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ च्या नियमांन्वये परवान्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे ब्लूटूथ हेडसेट वापरण्यासाठी वापरणाऱ्यास वेगळा परवाना घ्यावा लागत नाही.

गोंगाटजन्य श्रवणदोषाचा समावेश कारखाने अधिनियम, १९४८ याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे अधिसूचित व्यावसायिक आजारांच्या यादीत करण्यात आला. हा अधिनियम आणि इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीचा १९९६ चा अधिनियम यांसह १३ केंद्रीय कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये एकत्र करण्यात आले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांमध्ये औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, तर निवासी क्षेत्रासाठी अनुक्रमे ५५ व ४५ डेसिबल या मर्यादा आहेत. त्या परिसरातील ध्वनीसाठी आहेत. कामगाराच्या कानाशी पडणाऱ्या आवाजासाठी त्या लागू होत नाहीत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनाच्या वापराचा धोकादायक वाहनचालनात स्पष्ट उल्लेख करण्यात आला. हेडसेटमुळे हात मोकळे राहिले, तरी लक्ष विचलित होण्याचा धोका कायम राहतो.

हे सुद्धा पहा

* ब्लूटूथ
* मायक्रोफोन
* ध्वनिप्रदूषण
* डेसिबल
* बहिरेपणा
* औद्योगिक सुरक्षा